कँतियाँ पाहायला जाताना: ब्रसेल्सच्या चालत्या ब्रुअरी-संग्रहालयाची खान्देशी वाटाड्या-वही

आधी महिना ठरवा, तिकीट नंतर काढा. ब्रसेल्स शहराच्या आंडरलेख्त भागातली कँतियाँ ही ब्रुअरी संग्रहालय म्हणून वर्षभर पाहता येते, पण तिथे बिअर शिजते ती फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. जळगाव-धुळ्याकडचे आईवडील जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या मुलांकडे जातात ते बहुधा मे-जूनमध्ये, इथला उन्हाळा चुकवून. त्या दिवसांत गेलात तर पिंपं दिसतील, बाटल्यांच्या थप्प्या दिसतील, चवही मिळेल. पण भट्टी थंड असेल आणि माळ्यावरचं तांब्याचं कुंड रिकामं असेल. हाताशी दोन पर्याय असतील तर नोव्हेंबर किंवा मार्च निवडा. याच दोन महिन्यांत ब्रुअरी एखादा दिवस ‘सर्वांसाठी खुला’ ठेवून लोकांसमोर बिअर शिजवते, अशी तिथली जुनी रीत आहे. त्या वर्षीची तारीख, संग्रहालयाचे वार, वेळा आणि प्रवेशशुल्क ब्रुअरीच्या संकेतस्थळावर मिळतं. रविवारचा बेत आखू नका, त्या दिवशी दार बंद असतं.

एक शंका आधीच मिटवू. न पिणाऱ्या माणसाने, गळ्यात माळ असलेल्या माणसाने तिथे जावं का? जरूर जावं. तिकिटात चव घेण्याचे पेले धरलेले असतात, पण ते घ्यायलाच हवेत असं नाही. पाहण्यासारखं जे आहे ते पेल्यात नाही, माळ्यावर आणि पिंपांत आहे. पिणाऱ्यांसाठी सांगायचं तर बेल्जियममध्ये बिअरसाठी वयाची अट १६ वर्षांची आहे. महाराष्ट्रात ती २१ आहे, हे घरी बाटली आणणाऱ्याने लक्षात ठेवावं.

ही जागा काय आहे

पॉल कँतियाँ आणि त्यांची पत्नी मारी त्रोख यांनी १९०० साली हा धंदा सुरू केला. सुरुवातीला ते दुसऱ्यांकडून तयार बिअर घेऊन तिचं मिश्रण करून विकत. स्वतः बिअर शिजवायला लागले ते १९३० च्या दशकाच्या शेवटी, दुसऱ्या ब्रुअरीची जुनी यंत्रं विकत घेऊन. म्हणून आज तुम्ही पाहता ती यंत्रं ब्रुअरीपेक्षाही जुनी, एकोणिसाव्या शतकातली आहेत. पुढे पॉल यांचे चिरंजीव मार्सेल यांचे जावई ज्याँ-पिएर व्हान रॉय यांनी कारभार घेतला. गोड, फिकट बिअरची लाट आली होती आणि आंबट बिअर मागणारे कमी होत चालले होते. तेव्हा १९७८ साली त्यांनी ब्रुअरीचं दार लोकांसाठी उघडलं आणि तिला ‘ग्यूझचं ब्रसेल्स संग्रहालय’ केलं. ग्यूझ म्हणजे मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवलेली इथली आंबट बिअर. यंत्रं काचेआड ठेवली नाहीत, त्यांच्यावर काम चालू ठेवलं. आता त्यांचे चिरंजीव ज्याँ व्हान रॉय बिअर बनवतात. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या वारशातला सगळ्यात जुन्या वळणाचा भाग पाहायचा असेल तर ही जागा.

इथे बनते ती लँबिक. नेहमीच्या बिअरमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेलं, एकाच जातीचं यीस्ट टाकतात. ही शुद्ध यीस्टची रीत १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी बसवली आणि जगभर पसरली. लँबिकमध्ये यीस्ट कोणीच टाकत नाही. धान्याचा उकळलेला काढा रात्रभर उघडा ठेवतात, आणि हवेतले, छपरातले, लाकडातले सूक्ष्म जीव त्यात आपोआप उतरतात. ब्रसेल्समधून वाहणाऱ्या सेन नदीच्या खोऱ्यातली ही पद्धत. ती नदी शहराच्या मध्यभागात १८६७ ते १८७१ च्या दरम्यान कमानी बांधून झाकून टाकली, त्यामुळे संग्रहालयाकडे जाताना नदी शोधू नका.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, तिसऱ्या दिवशी पातेल्यावर बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास सुटतो. तिथे विरजण कोणी घातलेलं असतं? बिबड्यांसाठी ज्वारी भिजवतो, तिचा घाटा शिजवतो, त्यातली ती हलकी आंबट चवही अशीच आपोआप आलेली असते. हा वास आणि ही चव डोक्यात ठेवून आत शिरा, अर्ध्या गोष्टी न सांगता कळतील. मोहाच्या दारूशी मात्र तुलना करू नका. सातपुड्यात मोहाची फुलं आंबवून मग ती भट्टीवर चढवतात, वाफ थंड करून दारू गाळतात. बिअर गाळत नाहीत. तिच्यात मद्यार्क राहतो तो जेमतेम पाच-साडेपाच टक्के.

पोचायचं कसं

भारतातून थेट जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. बेल्जियममध्ये सर्वांत जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज बेल्जियमकडे, नाहीतर ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. जर्मनी, नेदरलँड्समध्ये विद्यार्थी परवान्यावर असलेल्यांना बेल्जियमला फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड मात्र जवळ हवं.

ब्रसेल्सच्या नावाने दोन विमानतळ विकले जातात. झाव्हेंतेमचा शहराला लागून आहे, तिथून रेल्वेने वीसेक मिनिटांत शहरात येता. शार्लरुआचा सुमारे ५० किलोमीटर लांब आहे. स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमानतळाचं नाव वाचा.

उतरायचं ते ‘ब्रुसेल-मिडी’ स्टेशनला. नवख्यांची हमखास चूक इथे होते. ‘मिडी’ हा शब्द ऐकून मध्यवर्ती स्टेशन वाटतं, पण त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ इथे ‘दक्षिण’ आहे. मध्यवर्ती स्टेशन वेगळं, त्याचं नाव सांत्राल. आणि शहर दोन भाषांचं असल्यामुळे त्याच मिडीच्या फलकावर डच भाषेत ‘झाउद’ लिहिलेलं असतं. मिडी आणि झाउद ही दोन स्टेशनं नाहीत. पॅरिस, ॲमस्टरडॅम, कोलोनकडून येणाऱ्या वेगवान गाड्या याच स्टेशनला थांबतात. स्टेशनाच्या परिसरात खिसेकापूंचा त्रास आहे. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, फोन हातात नाचवत रस्ता शोधू नका, आतच नकाशा पाहून घ्या.

तिथून ब्रुअरी पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मेट्रोने यायचं तर क्लेमांसो स्थानक जवळ पडतं. गल्ली अरुंद आहे, आजूबाजूला गोदामं, गॅरेज आणि साधी घरं. ५६ क्रमांकाचं दार एखाद्या वर्कशॉपसारखं दिसतं. भपकेदार कमान शोधत राहिलात तर पुढे निघून जाल. जेवून जा. आत जेवण नाही, आणि रिकाम्या पोटी आंबट बिअर पोटात कालवते.

अंगात स्वेटर किंवा जाकीट हवंच, उन्हाळ्यातही. पिंपांच्या दालनात गारवा मुद्दाम राखलेला असतो. जिने लाकडी, उभे आणि अरुंद आहेत. फरशी धुतलेली, ओली असते. चपला-सँडल नको, पकड असलेले बूट घाला. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी माळ्यावर चढायचं की नाही ते पहिला जिना पाहूनच ठरवावं.

आत फिरण्याचा क्रम

तिकीट घेतलं की तिथली माणसं थोडक्यात माहिती सांगतात आणि हातात पुस्तिका देतात. त्यात क्रमांक असतात, त्या क्रमाने आपलं आपण फिरायचं. हा क्रम मोडू नका. पिंपं आधी पाहून मग भट्टीकडे आलात तर काय कुठून कुठे जातं ते लागत नाही. धान्य, काढा, थंडावा, पिंप, बाटली असा तो ओघ आहे.

सुरुवात तळमजल्यावरच्या मॅश टनपासून होते. हे लोखंडी, मोठ्या हौदासारखं भांडं. एका खेपेला यात साधारण १,३०० किलो धान्य पडतं. त्यातलं ६५ टक्के सातू, म्हणजे जव, मोड आणून वाळवलेलं. आणि ३५ टक्के गहू, मोड न आणलेला, कच्चा. मोड कशाला, हे नागलीचं सत्त्व करणाऱ्या कुठल्याही घरात ठाऊक आहे. मोड आलेल्या धान्याचं पीठ गोड लागतं, कारण मोड येताना दाण्यात असे पाचक पदार्थ तयार होतात की जे पिठूळपणाची साखर करतात. सातूचे हेच पाचक पदार्थ शेजारच्या कच्च्या गव्हाच्या पिठाचंही काम करतात. धान्य वरच्या मजल्यावर भरडतात. पीठ करत नाहीत, भरडाच ठेवतात, कारण साल शाबूत राहिली तरच ती पुढे गाळणीचं काम करते. बारीक दळलं तर भांड्याच्या भोकांच्या तळावर चिखल बसतो आणि काढा खाली उतरतच नाही.

भरडलेल्या धान्यावर गरम पाणी टप्प्याटप्प्याने घालतात. सुरुवात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवट ७२ अंशांना, सगळं मिळून दोनेक तास. मधल्या एका टप्प्यावर वरचं गढूळ, दुधाळ पाणी काढून वेगळं तापवतात आणि नंतर परत आणतात. तापवल्याने त्यातले पाचक पदार्थ मरतात आणि बरीचशी पिठूळ साखर न मोडता तशीच राहते. आधुनिक ब्रुअरीत हा दोष मानला जाईल. इथे तो मुद्दाम केलेला असतो, कारण पिंपात ही बिअर तीन-तीन वर्षं राहणार आणि तिथल्या सावकाश काम करणाऱ्या जिवांना तेवढी वर्षं पुरेल असं खाणं हवं. हा एक मुद्दा कळला की पुढचं सगळं संग्रहालय कळतं.

भांड्याच्या आसपास मान वर करून पाहा. पुल्या आणि पट्टे दिसतील. एका शाफ्टवरून पट्ट्यांनी वेगवेगळी यंत्रं फिरवायची ही जुनी रचना आपल्याकडच्या जुन्या जिनिंगमध्ये ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती क्षणात ओळखू येईल. चालू असताना तिच्याजवळ ओढणी, उपरणं, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा नेऊ नका. जाळ्या फार नाहीत.

वर गेलं की उकळण्याची भांडी. खालून आलेला काढा साधारण १०,००० लिटर असतो. तो तीन-चार तास उकळून ७,५०० लिटरवर आणतात. म्हणजे चौथा हिस्सा वाफ होऊन जातो. इथेच हॉप्स पडतात, आणि इथे बिअरची माहिती असलेला माणूसही चकतो. हॉप्सचं फूल ताजं असेल तर कडू आणि सुगंधी असतं. इथली फुलं तीनेक वर्षं साठवून शिळी केलेली असतात. पोत्याजवळ नाक नेलंत तर जुनाट चीजसारखा वास येईल. तो खराब माल नव्हे. शिळेपणाने कडवटपणा उतरतो, पण नको असलेल्या जिवाणूंना रोखण्याचा गुण शिल्लक राहतो, आणि लँबिकला हवा तो तेवढाच. ताजी फुलं एवढ्या प्रमाणात टाकली तर बिअर तोंडात धरवणार नाही इतकी कडू होईल.

माळ्यावरचं कुंड

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. छपराखाली एक तांब्याचं, मोठं, उथळ कुंड आहे. गुऱ्हाळातली काहील डोळ्यांसमोर आणा, ती चौकोनी करा आणि खोलीभर पसरवा. याला कूलशिप म्हणतात. उकळून झालेला सगळा काढा यात ओततात आणि छपरातल्या झरोक्यांतून रात्रभर हवा खेळू देतात. खोल भांडं का नाही? खोल भांड्यात मधला काढा दुसऱ्या दिवशीही गरम राहील. उथळ कुंडात तो सकाळपर्यंत १८ ते २० अंशांवर येतो, आणि हवेशी भिडणारा पृष्ठभागही मोठा मिळतो. तांब्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते.

हंगामाची अट याच कुंडामुळे आहे. रात्र उबदार असली तर काढा वेळेत थंड होत नाही, आणि उन्हाळ्याच्या हवेत नासवणारे जिवाणू इतके असतात की ते यीस्टच्या आधी ताबा घेतात. पिंपात मग आंबटपणा येत नाही, कुजका वास येतो. आपल्याकडे कुरडयांचा गहू एप्रिलच्या तलखीत एक दिवस जास्त राहिला तर काय होतं ते ज्या बाईने अनुभवलं आहे तिला यावर आणखी सांगायची गरज नाही.

बिअर शिजण्याच्या दिवशी मॅशिंग, म्हणजे भरडा गरम पाण्यात कालवण्याचं काम, सकाळी लवकर सुरू होतं आणि काढा कुंडात पोचायला दुपार उलटते. वाफेने भरलेला माळा पाहायचा असेल तर सकाळी एकदा धान्याचं काम पाहा आणि दुपारी पुन्हा वर या. वाफेत काही दिसत नाही, तेव्हा पायऱ्या सांभाळा. कुंडाच्या काठावर ओणवं होऊन फोटो काढणं, आत हात घालणं, नाणं टाकणं यांतलं काहीही करू नका. कुंड रिकामं असलं तरी नाही. वरच्या तुळया, कौलं, भिंती कोणी घासून पुसून ठेवलेल्या नाहीत, याचं आश्चर्य वाटेल. त्या लाकडावर आणि भिंतींवर जे जीव पिढ्यान्‌पिढ्या वसले आहेत तेही या बिअरच्या घडणीत असतात, म्हणून जुनं छप्पर बदलायचं म्हटलं तरी लँबिकवाल्यांच्या पोटात गोळा येतो.

पिंपांचं दालन

सकाळी थंड झालेला काढा लाकडी पिंपांत भरतात. पिंपं बहुतेक ओकची, पूर्वी वाइन किंवा तत्सम पेय राहिलेली. लहान २०० लिटरच्या आसपासची, मोठी ६५० लिटरची. आरामात चाला आणि प्रत्येक पिंपाच्या तोंडाकडे पाहा. नव्याने भरलेल्या पिंपाचं वरचं भोक उघडं असतं आणि त्यातून तपकिरी फेस उतू जाऊन अंगावर ओघळ सुकलेले असतात. पहिल्या काही दिवसांच्या जोरात पाच-दहा लिटर असेच बाहेर जातात. हे गळणं नव्हे. त्या वेळी भोक बंद केलं तर आतल्या वायूने पिंप फुटेल. जोर ओसरला, तीन-चार आठवडे झाले की मग बूच ठोकतात.

पुढे आत काय चालतं ते दिसत नाही, पण क्रम माहीत असला तर चव घेताना उपयोग होतो. आधी थोडे आठवडे हवेतल्या साध्या जिवाणूंचा खेळ. मग नेहमीचं बिअरचं यीस्ट साखरेचा मोठा हिस्सा संपवतं. उन्हाळा आला की दह्या-ताकातल्या जिवाणूंचे भाऊबंद आंबटपणा आणतात. आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश, ब्रेटानोमायसेस नावाचं यीस्ट. त्याच्या एका जातीच्या नावातच ब्रसेल्स आहे, ब्रुक्सेलेन्सिस. गढूळ काढ्यातली ती राखून ठेवलेली पिठूळ साखर याच्यासाठी होती. हे यीस्ट द्रवावर पातळ साय धरतं आणि ती साय खालच्या बिअरला हवेपासून वाचवते. म्हणून पिंपाला धक्का देणं, त्यावर हात ठोकून ‘भरलंय का’ पाहणं, टेकून उभं राहणं, सगळं वर्ज्य. साय फुटली आणि हवा आत गेली की बिअरचा सिरका होतो.

जाळी दिसतील, कोळी दिसतील. झटकू नका, आणि ‘अस्वच्छ आहे’ असं म्हणून नाकही मुरडू नका. उन्हाळ्यात आंबट वासाला चिलटं जमतात. तीच सिरक्याचे जिवाणू पिंपांवर आणतात. औषध फवारलं तर हवेतले चांगले जीवही मरतील. त्यामुळे चिलटांचा बंदोबस्त कोळ्यांवर सोपवलेला आहे. बाटल्या धुण्याची आणि भरण्याची जागा मात्र लख्ख असते, तेही बघून घ्या.

तळघरात बाटल्या आडव्या रचलेल्या आहेत. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक मिसळून ग्यूझ होते. जुन्या लँबिककडून चव येते, कोवळ्या लँबिककडून उरलेली साखर. ती साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि बुडबुडे येतात, म्हणून बाटली शँपेनसारखी जाड काचेची, वर कॉर्क आणि त्यावर पत्र्याचं झाकणही. आडवी अशासाठी की कॉर्क ओला राहावा. सुकला तर आकसतो आणि वायू निसटतो. असं वर्षभर ठेवून मग विक्री. म्हणजे हातातल्या ग्यूझच्या पेल्यात सगळ्यांत जुना भाग चार वर्षांपूर्वी माळ्यावर थंड झालेला असतो.

फळांची बिअर ही वेगळी शाखा. क्रीक म्हणजे आंबट चेरीची. लँबिकमध्ये लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम फळं, बियांसकट, काही महिने. बियांमुळे बदामासारखा हलका गंध उतरतो. साखर टाकत नाहीत, त्यामुळे लाल रंग पाहून सरबताची अपेक्षा करू नका.

चव घेताना

पहिला घोट फसवतो. आपल्याकडची स्ट्राँग किंवा माइल्ड बिअर डोक्यात असेल तर वाटतं, ही नासली आहे. बुडबुडे नसलेली, कोमट-गार, करकरीत आंबट अशी साधी लँबिक आधी देतात. तिच्यावर मत बनवू नका. थांबा, पाण्याचा घोट घ्या, तोंडात कैरी किंवा ताजं ताक आठवा आणि दुसरा घोट लहान घ्या. मग ग्यूझ. तिच्यात आंबटपणाच्या मागे एक जनावरी वास लागेल. तिकडे त्याला घोड्यावरच्या घोंगडीचा वास म्हणतात. आपल्यासाठी पोळ्याला पेटीतून काढलेल्या बैलाच्या झुलीचा म्हटलं तर चटकन कळेल. तो ब्रेटानोमायसेसचा वास आहे, दोष नव्हे. झणझणीत सिरका नाकात घुसला तर तो मात्र दोष, पण तो तुम्हाला इथे भेटण्याची शक्यता फार कमी.

एकाच वेळी पाच-सहा प्रकार मागवण्याचा मोह आवरा. आंबटाने जीभ लवकर बधिर होते. लँबिक, ग्यूझ, एखादं फळाचं, एवढं पुरे. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी दोन घोटांवर थांबावं. गाडी चालवून येऊ नका, मिडी स्टेशन पायाखालचं आहे.

बाटली घरी आणायची तर

भारतात येताना मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, बिअर त्यातच मोजली जाते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. ३७५ मिलिलिटरच्या पाच बसतात. भरलेल्या मोठ्या बाटलीचं वजन दीड किलोच्या वर जातं, ते सामानाच्या हिशेबात धरा. हातसामानात चालत नाही. मोजा किंवा मफलर गुंडाळून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, बॅगेच्या मधोमध कपड्यांत ठेवा.

नंदुरबार, नवापूर, तळोदा भागातल्यांनी परतीचा मार्ग नीट पाहा. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सुरत किंवा अहमदाबादला उतरणं जवळचं वाटतं, पण बाटली असेल तर नको. आणि मुंबईला उतरूनही चूक होऊ शकते: मुंबईहून नंदुरबारला येणारी खानदेश एक्सप्रेस सुरतमार्गेच येते. नवापूर स्टेशनचा तर अर्धा फलाट गुजरातेत आहे. त्यापेक्षा नाशिक-धुळे रस्त्याने या, पूर्ण प्रवास महाराष्ट्रातून होतो. महाराष्ट्रातही दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा.

घरी आल्यावर शत्रू एकच, उष्णता. तिकडच्या तळघरात थंडगार पडून असलेली बाटली मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांत कपाटात ठेवली तर आतला दाब वाढतो, कॉर्क ढकलला जातो आणि चव शिजल्यासारखी होते. फ्रिजच्या खालच्या, कमी थंड कप्प्यात ठेवा. जागा नसेल तर हिवाळ्यातच आणा आणि हिवाळ्यातच उघडा. उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. आधी पत्र्याचं झाकण काढा, मग कॉर्क, तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे न करता, कॉर्क फडक्यात धरून, बाटली हळू फिरवत. पेला तिरपा धरून एका दमात सगळ्यांचे पेले भरा. बाटली मध्येच उभी केली की गाळ हलतो आणि उरलेली बिअर गढूळ होते. तळाला बोटभर राहील ती वेगळ्या पेल्यात काढा. गाळ प्यायला हरकत नाही, चव जास्त भरड लागते, इतकंच.